मांडी घालता येते का?

गुडघा दुखतो असं सांगणाऱ्या मुलाचा खुबाही तपासायचा, हा अस्थिरोगाच्या शिक्षणातला अगदी सुरुवातीचा धडा. खुब्यात उठलेली कळ मांडीतून खाली उतरते आणि गुडघ्यापाशी जाणवते, कारण या दोन सांध्यांना जाणाऱ्या नसा काही अंशी एकच आहेत. मूल बोट ठेवतं गुडघ्यावर. आई तेल चोळते गुडघ्याला. उपकेंद्रातल्या गोळ्या गुडघ्याच्या नावाने मिळतात, आणि तालुक्याला नेऊन काढलेला गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो. वाढत्या वयाचं दुखणं आहे, होईल कमी, असं म्हणून सगळे घरी परततात. खुब्याकडे कुणाचंच लक्ष गेलेलं नसतं.

मूल सिकलसेलचं असलं तर चुकायला आणखी एक कारण मिळतं. ज्या घरात ‘एस-एस पॅटर्न’चं, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेलं मूल आहे त्या घराला दुखणं नवं नसतं. थंडी पडली, ताप आला, पाणी कमी पडलं, उन्हात जास्त वेळ गेला, की हातपाय दुखतात, पाठ दुखते, छाती दुखते. सलाइन लागतं, पेनकिलर लागते, आणि चार-आठ दिवसांत दुखणं ओसरतं. दवाखान्यात या सगळ्याला एकच नाव आहे: क्रायसिस. या ओळखीच्या दुखण्यांच्या गर्दीत खुब्याचं दुखणं बेमालूम मिसळून जातं. ते मात्र पुरतं ओसरत नाही. एक पाय जपून टाकला जातो, शाळेची वाट लांबते, आणि घरचे म्हणतात, सिकलसेल आहे ना, चालायचंच.

पुढच्या पानांचा विषय हे ‘चालायचंच’ आहे. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून ते हाड मरतं, त्याला डॉक्टर अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. वॉर्डात आणि आता घराघरांतही त्याचं नाव ‘एव्हीएन’ एवढंच उरलं आहे. हाडाचं रक्त तुटणं आणि ते हाड खचून सांधा बिघडणं या दोन घटना एका दिवशी घडत नाहीत. मधे काही महिने जातात, कधी काही वर्षं. जे काही करता येण्यासारखं आहे ते बहुतांशी याच मधल्या काळात करता येतं, आणि नेमका हाच काळ क्रायसिसच्या नावाखाली निघून जातो.

सिकलसेलची वैद्यकीय नोंद सुरू होते ती शिकागोत. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल हा तरुण १९०४ च्या अखेरीस तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात लांबट, वाकड्या, टोकदार पेशी दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, हे १९५० च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं. एवढ्याशा बदलामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटत जातात आणि लवचिक असायला हवी ती लाल पेशी ताठ, वाकडी होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. त्यातून रक्तक्षय होतो. खुब्याला मात्र रक्तक्षयापेक्षा या ताठरपणाचाच अधिक त्रास होतो.

भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ मधली, निलगिरीतल्या आदिवासींमधली. मध्य भारताची पाळी लगेचच आली. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांचा शोधनिबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढच्या सर्वेक्षणांतून महाराष्ट्राचा नकाशा भरत गेला. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा, मेळघाटातले कोरकू, गडचिरोली-चंद्रपूरकडचे गोंड, माडिया आणि परधान, शिवाय पूर्व विदर्भातल्या अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाज यांत हा जनुक ठळकपणे आढळतो. ज्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथेच तो टिकला, कारण एकच सदोष जनुक असलेल्या ‘ए-एस’ वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून १९५४ साली हे दाखवून दिलं. आई-वडील दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात मूल ‘एस-एस’ होण्याची शक्यता चारात एक.

या आजाराला महाराष्ट्रात चेहरा मिळवून देणाऱ्यांत पुण्याचे डॉ. सुदाम काटे आणि नागपूरचे संपत रामटेके ही नावं आवर्जून घ्यावी लागतात. डॉ. काटे आदिवासी पाड्यांत रक्ततपासणीची शिबिरं घेत राहिले आणि त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. रामटेके यांनी रुग्णांच्या कुटुंबांना एकत्र आणून सरकारदरबारी पाठपुरावा केला, त्यांना ती २०१८ साली मिळाली. मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. १७ राज्यांतल्या आदिवासीबहुल भागांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करणं हे त्याचं उद्दिष्ट. रक्ताची तपासणी आता आश्रमशाळेपर्यंत पोचली आहे. तिथून पुढे, ‘एस-एस’ ठरलेल्या मुलाच्या शरीरातला कोणता अवयव केव्हा पाहायचा, ही वाट मात्र अजून पुरती मळलेली नाही. डोळे, मूत्रपिंड, प्लीहा, मेंदूच्या रक्तवाहिन्या यांच्याइतकाच हक्क त्यात खुब्याचाही आहे.

पण खुबाच का? शरीरात हाडं दोनशेहून अधिक, आणि सिकलसेलच्या पेशी सगळीकडेच फिरतात. दीड-दोन वर्षांच्या आतल्या बाळांत हातापायांची बोटं सुजतात, तेही हाडांतला रक्तपुरवठा अडल्यामुळेच. ती सूज बहुधा काहीही मागे न ठेवता जाते. खुब्याचं तसं नाही. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा कमरेच्या हाडाच्या वाटीत बसतो आणि उभं राहिल्यापासून झोपेपर्यंत शरीराचा भार सोसतो. या गोळ्याला रक्त येतं ते हाडाच्या मानेवरून चढत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. मुलांमध्ये गोळा आणि मान यांच्या मधे वाढीची कूर्चा असते, आणि ती आतून येणारं रक्त अडवते. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे कॅटलान शल्यविशारद जोसेप ट्रुएटा यांनी १९५७ साली वाढत्या वयातल्या या रक्तवाहिन्यांचा बारकाईने अभ्यास मांडला. साधारण चार ते सात या वयात गोळा जवळजवळ पूर्णपणे बाजूच्या या एकाच वाटेवर अवलंबून असतो, असं त्यांना दिसलं. भामरागड तालुका जसा वर्षानुवर्षं पर्लकोटा नदीवरच्या एका ठेंगण्या पुलावर जगत आला, पूल पाण्याखाली गेला की पलीकडची सगळी गावं तुटायची, तशीच या गोळ्याची स्थिती. पर्यायी वाट नाही.

त्यात हाडाच्या आतली जागा बंदिस्त. सिकलसेलमध्ये रक्तपेशी लवकर मरतात म्हणून अस्थिमज्जा जास्तीच्या पेशी बनवायला लागते, ती फुगते, आणि कठीण हाडाच्या आत दाब वाढतो. आधीच मंदावलेल्या रक्तात ताठ पेशी अडकतात, प्राणवायू आणखी घटतो, त्यामुळे आणखी पेशी ताठ होतात. हाडाच्या पेशी मरायला काही तास पुरतात. हाडाचा सांगाडा मात्र लगेच पडत नाही. शरीर मेलेलं हाड काढून तिथे नवं रचायला घेतं, आणि या मोडतोडीच्या काळात गोळा सर्वांत दुबळा असतो. भार पडत राहिला तर कूर्चेच्या अगदी खालचा थर तडकतो. एक्स-रेवर ती चंद्रकोरीच्या आकाराची काळी रेघ दिसते. त्यानंतर गोळा खचतो, चपटा होतो, वाटीशी घासायला लागतो, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या सांध्यात म्हातारपणातला संधिवात येऊन बसतो.

हे किती जणांच्या वाट्याला येतं? अमेरिकेतल्या एका मोठ्या सहकारी अभ्यासात पाच वर्षांवरच्या २,५९० सिकलसेल रुग्णांची तपासणी झाली. त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. अभ्यासाच्या आरंभीच सुमारे १० टक्के रुग्णांच्या एका किंवा दोन्ही खुब्यांत हा बिघाड होता. वय वाढत जातं तसं प्रमाण वाढत गेलं. त्यातल्या अनेकांना त्या वेळी दुखतही नव्हतं.

याच अभ्यासातून पुढे आलेली एक गोष्ट महाराष्ट्राच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सिकलसेलसोबत अल्फा थॅलसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक दोषाचा जनुकही असलेल्या रुग्णांत खुब्याचा धोका सर्वांत अधिक निघाला. एरवी अल्फा थॅलसेमिया सोबत असला की रक्त कमी झडतं, हिमोग्लोबिन थोडं वर राहतं, मूल बरं दिसतं. पण पेशींची संख्या वाढली की रक्त दाट होतं आणि बारीक वाहिन्यांत सावकाश सरकतं. मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत अल्फा थॅलसेमिया सर्रास आहे. शिवाय इथल्या सिकल जनुकाचा प्रकार, ज्याला अरब-भारतीय म्हणतात, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकवून धरतो. त्यामुळे इथला आजार आफ्रिकी प्रकारापेक्षा सौम्य, असं बराच काळ मानलं गेलं. पायांवरच्या जखमा इथे कमी दिसतात, हे खरं. खुबा मात्र या सौम्यतेला जुमानत नाही. याच प्रकारचा जनुक असलेल्या पूर्व सौदी अरबस्तानातल्या रुग्णांतही खुब्याचा बिघाड नित्याचाच आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की हिमोग्लोबिनचा आकडा बरा असलेलं, वजन बरं असलेलं, क्वचितच रक्त चढवावं लागणारं मूल खुब्याच्या बाबतीत सुरक्षित समजू नये.

लहान वयात हाड मेलं तर ते सावरण्याची शक्यता मोठ्यांपेक्षा जास्त असते, कारण वाढ शिल्लक असते आणि गोळा पुन्हा आकार घेऊ शकतो. दहा वर्षांखालचं मूल आणि पंधरा वर्षांचा मुलगा यांच्यात हा फरक मोठा आहे. तरी बिनधास्त राहता येत नाही. पॅरिसजवळच्या क्रेतेई इथले शल्यविशारद फिलिप हेर्निगू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालपणी खुबा बिघडलेल्या ५२ सिकलसेल रुग्णांचा प्रौढ वयापर्यंत मागोवा घेतला आणि १९९१ साली तो प्रसिद्ध केला. बहुतेकांचे सांधे पुढे दुखरे आणि आखडलेले राहिले. लहानपणीचा आजार मोठेपणी आपोआप भरून निघतो, ही आशा त्या अभ्यासानंतर टिकत नाही.

मग तो ओळखायचा कसा? इथे आपल्या जगण्याची रीतच कामाला येते. खुबा बिघडायला लागला की सर्वांत आधी दोन हालचाली कमी होतात: पाय आतल्या बाजूला फिरवणं आणि पाय बाहेर फाकवणं. खुर्चीवर बसून जगणाऱ्या समाजात हे लवकर ध्यानात येत नाही. जमिनीवर बसणाऱ्या घरात येतं. मांडी घातली की एका बाजूचा गुडघा दुसऱ्यापेक्षा वर राहतो. शौचाला उकिडवं बसताना मूल भिंतीचा आधार घेतं, किंवा बसायचं टाळतं. पंगतीत एक पाय पसरून बसतं. चप्पल घालायला वेगळीच कसरत करतं. चालताना दुखऱ्या पायावर कमी वेळ भार देतं, म्हणून चाल लचकते; बराच काळ गेला तर मांडी बारीक दिसते आणि तो पाय आखूड भासतो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, एकाच जागचं, दोन-तीन आठवड्यांहून जास्त रेंगाळणारं दुखणं, आणि क्रायसिस नसतानाही राहणारी लंगड या तिन्ही गोष्टी खुब्याकडे बोट दाखवतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. सिकलसेलच्या कोणत्याही वयाच्या रुग्णाला खुब्यात अधूनमधून किंवा सतत दुखत असेल, तर इतिहास विचारावा, सांधा हलवून पाहावा, एक्स-रे काढावा आणि गरज पडल्यास एमआरआय करावा. यातली शेवटची सूचना महत्त्वाची. सुरुवातीचे काही महिने एक्स-रे अगदी निर्दोष दिसू शकतो, एमआरआयवर मात्र बदल आधीच उमटतात. गडचिरोली किंवा धडगावच्या कुटुंबासाठी एमआरआय म्हणजे मोठ्या शहराची फेरी आणि बुडालेली मजुरी. म्हणूनच कुणाला पाठवायचं हे ठरवणारी हाताची तपासणी गावपातळीवर नीट व्हायला हवी. एक्स-रेही एकाच बाजूचा काढून भागत नाही. एक खुबा गेलेल्यांत दुसराही जाण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून दोन्ही खुबे, समोरून आणि बेडकासारखे पाय फाकवून, अशा दोन कोनांतून पाहायचे असतात.

गोंधळ घालणारी दुखणी आणखीही आहेत. चार ते आठ वर्षांच्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, सिकलसेल नसतानाही खुब्याचा गोळा मरतो. त्याला पर्थेसचा आजार म्हणतात आणि एक्स-रेवर तो जवळपास असाच दिसतो. आपल्याकडे खुब्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. सर्वांत घाईचा प्रसंग मात्र जंतुसंसर्गाचा. सिकलसेलच्या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे हाडात आणि सांध्यात पू होण्याचा धोका त्यांना जास्त असतो, आणि त्यांच्या हाडांत साल्मोनेलासारखे, एरवी आतड्यात सापडणारे जंतूही पोचतात. भरपूर ताप आहे, मूल पाय टेकवत नाही, पाय हलवू देत नाही, अशा वेळी क्रायसिस असेल म्हणून रात्र काढायची नसते. सांध्यात साचलेला पू काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं लागतं.

उपचारांबाबत मोठी वचनं देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. मेलेलं हाड जिवंत करणारं औषध नाही. पहिलं काम भार कमी करण्याचं: काही काळ कुबड्या, धावणं-उड्या बंद, दुखणं जास्त असेल तर काही दिवस वजन लावून ताण देणं. दुसरं काम सांधा आखडू न देण्याचं. त्यासाठी व्यायाम लागतो, आणि तो रोज लागतो. या साध्या वाटणाऱ्या उपायाची ताकद अमेरिकेतल्या एका तुलनात्मक चाचणीतून दिसली. हाडात छिद्र पाडून आतला दाब उतरवणारी शस्त्रक्रिया अधिक व्यायाम असा एक गट, आणि नुसता व्यायाम असा दुसरा. चाचणी पूर्ण करणारे रुग्ण ३८ होते. सरासरी तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा पुढची मोठी शस्त्रक्रिया न करावी लागलेले खुबे पहिल्या गटात ८२ टक्के आणि दुसऱ्यात ८६ टक्के निघाले. २००६ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी लहान आहे, आणि तिच्यावरून छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरत नाही. अनेक केंद्रांत ती, कधी स्वतःच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी भरून, अजूनही केली जाते. पण फिजिओथेरपीला ‘नुसते व्यायाम’ म्हणून बाजूला सारणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे पाहावेत. गोळा वाटीबाहेर सरकत असेल तर वाढत्या मुलात हाड कापून त्याची दिशा बदलण्याच्या शस्त्रक्रियाही आहेत. त्यांची वेळ नेमकी साधावी लागते.

काय करू नये, याची यादी तितकीच उपयोगी आहे. दुखऱ्या खुब्याला जोर लावून चोळणं, हाडवैदाकडून पाय ओढून घेणं यातून दुबळा झालेला गोळा लवकर खचू शकतो. बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या, तासाभरात दुखणं पळवणाऱ्या इंजेक्शनांत बरेचदा स्टेरॉइड असतं, आणि स्टेरॉइड हे स्वतःच एव्हीएनचं एक ठाऊक असलेलं कारण आहे. पेनकिलरच्या गोळ्या मनाने महिनोन्‌महिने खाल्ल्या तर आधीच नाजूक असलेली मूत्रपिंडं दुखावतात. आणि रक्त चढवलं की सगळं सुधारतं हा समजही तपासून घ्यावा लागतो; गरज नसताना चढवलेलं रक्त रक्ताचा दाटपणा वाढवतं.

सांधा पुरता गेला की उरतो तो बदलण्याचा मार्ग. जॅझचा थोर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस (१९२६–१९९१) याला सिकलसेल होता, आणि त्याच्या खुब्याने त्याची कारकीर्द अनेकदा अडवली. १९६५ साली, कलेच्या ऐन बहरात, एकाच वर्षात त्याच्या खुब्यावर दोनदा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि सत्तरच्या दशकात पुन्हा एकदा. त्या काळानंतर कृत्रिम सांधे खूप सुधारले. सिकलसेलच्या रुग्णात मात्र ही शस्त्रक्रिया आजही अवघडच. हाडाची पोकळी कठीण होऊन बुजलेली असते, संसर्गाचा धोका अधिक, सांधा ढिला होण्याचा धोका अधिक, आणि भूल देताना प्राणवायू, पाणी, शरीराची ऊब यांची काळजी क्षणभरही सुटू द्यायची नसते. शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन सुमारे १० पर्यंत नेण्यासाठी रक्त देण्याची पद्धत आहे. विशीत बदललेला सांधा आयुष्यभर पुरेलच असं नाही. तो पुन्हा बदलावा लागण्याची तयारी ठेवावी लागते. मुलांच्या डॉक्टरांची सगळी धडपड हा दिवस शक्य तितका पुढे ढकलण्यासाठी असते.

मूळ आजारावर चांगली औषधं आली आहेत. हायड्रॉक्सीयुरियाने क्रायसिस कमी होतात हे १९९५ साली मोठ्या चाचणीत सिद्ध झालं, आणि हे औषध आता महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतूनही दिलं जातं. क्रायसिस थांबले म्हणजे खुबाही वाचला, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. औषध चालू असलेल्या मुलाचाही खुबा पाहत राहावा लागतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारलेल्या उपचाराला मान्यता मिळाली. त्या उपचाराने नव्या पेशी वाकड्या व्हायच्या थांबतील, पण आधीच चपटा झालेला गोळा पुन्हा गोल होणार नाही. उद्याच्या उपचाराची वाट पाहणाऱ्या मुलाने तोवर आपला सांधा राखणं, यालाही म्हणूनच मोल आहे.

घरच्यांच्या हाती दिलेलं साधं कौशल्य किती मोलाचं ठरतं, याचा दाखला जमैकात आहे. किंग्स्टनच्या व्हिक्टोरिया ज्युबिली रुग्णालयात १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बाळांचं रक्त तपासून सिकलसेलच्या मुलांचा एक गट निवडला गेला, आणि ग्रॅहम सर्जंट आणि सहकाऱ्यांनी तो पुढे कित्येक वर्षं पाहिला. लहान मुलांत अचानक रक्त प्लीहेत साचतं, पोट फुगतं आणि मूल काही तासांत दगावू शकतं. तिथे आयांना बाळाचं पोट चाचपून प्लीहा वाढली का हे ओळखायला शिकवलं. मुलं वेळेवर दवाखान्यात यायला लागली आणि त्या कारणाने होणारे मृत्यू ठळकपणे घटले. खुब्यासाठी असंच काही करता येणं अवघड नाही. मुलाला उताणं झोपवून दोन्ही गुडघे वाकवून बाहेर पाडायचे, दोन्ही बाजू सारख्या पडतात का ते बघायचं. मांडी घालायला लावायची. उकिडवं बसवून उठवायचं. आशा कार्यकर्तीला आणि आश्रमशाळेच्या अधीक्षकाला हे एका दुपारी शिकवता येतं.

आश्रमशाळेचा उल्लेख मुद्दाम केला, कारण या आजाराची कितीतरी मुलं वर्षाचे आठ-नऊ महिने तिथेच असतात. वर्ग जमिनीवर, जेवण जमिनीवर, शौचालय भारतीय पद्धतीचं, आणि सकाळी कवायत. खुबा दुखणाऱ्या मुलाला यातली प्रत्येक गोष्ट अडते, आणि ते आळशी ठरतं किंवा शाळा सोडतं. एक बाक, शौचालयात एक खुर्ची किंवा भिंतीला धरायला दांडा, आणि खेळाच्या तासाला वेगळं काम एवढ्यानेही शिक्षण चालू राहतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये सिकलसेलचा समावेश आहे, आणि त्याखाली मिळणाऱ्या सवलती मागण्याचा या मुलांना अधिकार आहे. त्यांची माहिती असलेला एक शिक्षक शाळेत असला तरी कितीतरी कामं सोपी होतात.

कामधंद्याचा विचारही शाळेपासूनच करावा लागतो. रोवणी, निंदण, तेंदू तोडणं, मोहफुलं वेचणं, वीटभट्टी, गवंडीकाम: त्या भागातली बहुतेक मजुरी वाकून, उकिडवं बसून किंवा ओझं उचलून होते. खुबा गेलेल्या तरुणाला यातलं काहीच झेपत नाही. मुलींच्या बाबतीत लंगड लपवली जाते, लग्न ठरेपर्यंत दवाखाना टाळला जातो, आणि पुढे बाळंतपणात पाय फाकवता न येणं हीच अडचण होऊन बसते. शिवणकाम, संगणक, दुरुस्तीची कामं, कार्यालयीन नोकरी यांकडे वळवायचं तर ते दहावीनंतर सुचून उपयोग नाही, आठवी-नववीतच सुरुवात करावी लागते.

पुढची पानं या क्रमाने जातात. आधी सांध्याची रचना आणि रक्ताचा प्रवास, आकृत्यांसह. मग वयानुसार दिसणारी लक्षणं. त्यानंतर तपासण्या, आणि कोणती तपासणी कुठल्या पातळीवरच्या रुग्णालयात करायची याचं वाटप. व्यायामांचं प्रकरण मोठं आहे आणि ते घरच्यांसाठी लिहिलं आहे. त्यातला प्रत्येक व्यायाम चटईवर, कुठल्याही साधनाशिवाय करता येतो. शस्त्रक्रियेचं प्रकरण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना अधिक उपयोगी पडेल. पालकांनी ते वगळलं तरी चालेल. शेवटी शाळा, दाखले आणि सवलती यांची माहिती येते.

जाता जाता एक सूचना. सिकलसेलच्या कार्डावर मुलाचं नाव आणि पॅटर्न असतो. त्याच कार्डाला एक साधा तक्ता जोडावा: खुबा तपासल्याची तारीख, मांडी घालता येते की नाही, उकिडवं बसता येतं की नाही, चाल लचकते की नाही, आणि तपासणाऱ्याची सही. जूनमध्ये शाळा उघडताना एकदा आणि दिवाळीच्या सुटीनंतर एकदा, अशा वर्षाला दोन नोंदी पुरेत. तीनपैकी एका जरी प्रश्नाचं उत्तर बदललं, तर मुलाला पुढच्या आठवड्यात नव्हे, त्याच आठवड्यात दोन्ही खुब्यांच्या एक्स-रेसाठी पाठवायचं.